मरळ, शिंगटा का वाम: गळाला लागल्यावर खरा जोर कुणाचा?

रोहू-कटला पुष्कळ काढून झाले आणि आता शिकारी माशाच्या मागं लागायचंय, अशा लोकांसाठी लिहितोय. माझं पाणी म्हणजे पैठणच्या खालची गोदावरी आणि माजलगावचं धरण, त्यामुळं माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच धरा, तुमच्याकडं वेगळा अनुभव असू शकतो.

नुसता झटका बघायचा तर मरळीला तोड नाही. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर लांबच लांब, जागेवरून सुटताना सगळं अंगच पाणी ढकलतं, आणि आमिषाच्या बेडकावर येते तेव्हा आधी पाण्याचा आवाज होतो मग हाताला कळतं. पण तो जोर मला तरी सुरुवातीच्या काही सेकंदांचाच वाटला, मोकळ्या पाण्यात ती लवकर दमते.

अडचण अशी की मोकळ्या पाण्यात ती सहसा सापडतच नाही. राहणार बेशरमाच्या झुडपात नाहीतर लव्हाळ्यात, आणि गळ लागला की तिथंच घुसणार. मग तुम्ही ओढताय ते बेशरमाला, मरळीला नाही, तिचा जोर किती होता ते कळायचं राहूनच जातं. ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी घ्या, कडक रॉड घ्या, गुंतायची ती गुंततेच. बरं सामान गेलं तर गेलं, पण मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला तिला अधूनमधून वर यावंच लागतं, दोरी तुटून ती खाली फांदीला अडकून राहिली तर पाण्यातच गुदमरून मरते. खायला मासा धरणं वेगळं आणि हे वेगळं. मला ते अजिबात बघवत नाही आणि मरळ सोडून शिंगट्याकडं वळायचा माझा निर्णय खरं तर इथंच झाला.

शिंगटा म्हणजे तळाला मिशा फिरवत हिंडणारा गडी, लागला की धमाका वगैरे काही नाही, दोरी जड होते आणि मान झटकल्याचे ठोके रॉडमधून मनगटापर्यंत येतात. काठाजवळ आणला की परत खाली जातो, आता संपला असं वाटतं आणि अजून एकदा जातो, रीळ नुसतं ओरडत राहतं. शेपटी खोल दुभंगलेली, लांब पोहणाऱ्या माशाची. त्याच वजनाच्या मरळीपेक्षा माझं मनगट शिंगट्यानं लई जास्त दुखतं, एवढंच माझं माप. आणि हे सगळं उघड्या डोहात होतं, त्यामुळं जिंकला काय, हरला काय, मासा आणि तुम्ही दोघंच असता.

त्याचा त्रास म्हणजे काटे. पाठीवरचा एक आणि छातीकडचे दोन ताठ उभे करून ठेवतो, करवतीसारखे दाते असतात, हातात घुसला तर दिवसभर ठणका. पक्कड जवळ ठेवा. शिवाय तो खातो जास्त करून दिवेलागणीनंतर, त्यामुळं ज्याला दुपारचाच वेळ मिळतो त्यानं मरळच बघावी, बाजारात जिवंत मरळीला भाव पण चांगला मिळतो.

वाम म्हणजे सापासारखा लांब मासा, दगडाच्या कपारीत शेपूट रोवून बसते तेव्हा तिचा हट्ट बघण्यासारखा असतो, पण बाहेर आली की पीळ घालून दोरीची पार गुंडाळी करते आणि सगळीकडं बुळबुळ. जोराच्या हिशोबात ती तिसरीच.

नाथसागरावर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणावर जायचं असेल तर ते 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, परवानगीचं आधी विचारून घ्या. पावसाळ्यात पाण्यावर माशाच्या पिलांचा लालसर थवा दिसला तर खाली मरळीची जोडी राखणीला असते, जवळ काही पडलं की अंगावर येते, सहज लागते म्हणून तिथं गळ टाकू नका.

पहिलं सामान घेणार असाल तर मी म्हणेन शिंगट्याच्या हिशोबानं घ्या, मध्यम रॉड, दोरी भरपूर बसेल असं रीळ आणि तळाला जाणारं शिसं, त्याच्यावर वाम पण निघते.