उंच कॅम्पर व्हॅनचा टप धुण्यासाठी पाण्याचा लांब ब्रश : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

फोंड्याजवळच्या आमच्या घरी असलेली कॅम्पर व्हॅन फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली आहे. मूळ गाडीच सुमारे अडीच मीटर उंच आहे. तिच्यावर सौर पॅनेल आणि हवा खेचणारा पंखा बसवल्यावर टपावर काय साचले आहे, हे खालून कळत नाही. बाजूंवर उतरणारे काळे ओघळ मात्र सर्वांना दिसतात. ते बाजूंवर कितीही घासले तरी पुढच्या सरीला परत येतात, कारण त्यांचा मळ टपावरचा असतो. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी दांड्यातून पाणी वाहणारा, लांबवता येणारा ब्रश घेतला. त्यासाठी तीन हजारांच्या आसपास खर्च आला.

दांडा ॲल्युमिनियमचा असून त्याचे तीन भाग आहेत. पूर्ण उघडल्यावर तो साडेतीन मीटरांपर्यंत जातो. खरेदी करताना बहुतेकांचे लक्ष लांबीकडे असते, पण वापरताना महत्त्वाचा ठरतो तो दांड्याचा ताठपणा. शेवटचा भाग पूर्ण बाहेर काढला की भिजलेल्या ब्रशच्या वजनाने दांडा वाकतो, आणि टपाच्या मधोमध पोहोचेपर्यंत ब्रश घासण्याऐवजी नुसता सरकत राहतो. त्यामुळे मी तो भाग अर्धाच उघडतो आणि घडीच्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा राहून एका बाजूने निम्मा टप धुतो, मग दुसऱ्या बाजूला जातो. ब्रशचे केस मऊ आणि टोकाला फाटलेले असावेत, आणि त्याच्या कडांना रबर असावे. रबर नसेल तर पॅनेलच्या चौकटीवर आपटून आपटून ब्रश लवकर निकामी होईल.

पाण्याच्या दाबाविषयी कोणताही विक्रेता सांगत नाही, म्हणून ते सविस्तर लिहितो. गोव्यातील बैठ्या घरांवर पाण्याची टाकी साधारण चार मीटर उंचीवर असते. ब्रश पावणेतीन मीटरांवर नेला की टाकी आणि ब्रश यांच्या उंचीत जेमतेम सव्वा मीटरचा फरक उरतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक बार दाब असतो, म्हणजे आपल्या वाट्याला बारच्या आठव्या हिश्श्याइतका दाब येतो, आणि त्यातलाही बराचसा लांब नळीत खर्च होतो. अंगणातल्या नळाला जोरदार वाटणारे तेच पाणी टपावर थेंबथेंब गळते. पाणी कमी पडले की सुटलेली माती वाहून जात नाही, केसांत अडकते आणि रंगावर चरे पाडते. मी नळी थेट विहिरीच्या पंपाला जोडली आणि तेव्हापासून हा ब्रश खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागला. ज्यांच्याकडे केवळ टाकीचे पाणी आहे, त्यांनी आधी एखादा लहान पंप घ्यावा आणि मगच या ब्रशचा विचार करावा.

टपावर काय साचते, हे ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात चिऱ्याच्या जमिनीची लाल धूळ बसते. ती कोरडी असताना ब्रश लावू नये, आधी भरपूर पाणी सोडून ती भिजवावी. पावसाळ्यात सीलंटच्या कडांवर आणि पॅनेलच्या सावलीत हिरवे शेवाळ धरते. गाड्यांचा सौम्य शाम्पू लावून, तो वाळू न देता दहा मिनिटे ठेवला की ते मऊ ब्रशने निघते. ब्लीच मी वापरत नाही, कारण गळती थोपवणारे सीलंटच त्याने खराब होण्याचा धोका असतो. सर्वांत चिवट मळ आंब्याच्या मोहराच्या दिवसांत येतो. तुडतुड्यांनी सोडलेला चिकट द्रव टपावर पडतो आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. तिच्यावर कोमट पाण्याने भिजवलेली जुनी चादर काही वेळ अंथरावी लागते. गाडी आंब्याखालून हलवणे हा सोपा उपाय आहे, पण अंगणात सावली तेवढीच असल्यास माणूस काय करणार? किनाऱ्यावर गाडी नेण्यास गोव्यात बंदी आहे, तरी केरी किंवा गालजीबाग परिसरात जवळच मुक्काम केला तरी खारा वारा टपावर आणि गाडीच्या पोटाखाली मीठ ठेवून जातो. अशा वेळी शाम्पूपेक्षा लवकरात लवकर मारलेले साधे पाणी अधिक कामाचे असते.

धुण्याचे काम सकाळी, पॅनेल तापण्यापूर्वी करावे, कारण तापलेल्या काचेवर थंड पाणी पडल्यास ती तडकू शकते. टप आधी, बाजू नंतर. पॅनेलखालच्या अरुंद फटीत मात्र हा ब्रश जात नाही, तिथली पाने पातळ काठीने ओढून काढावी लागतात.

प्रेशर वॉशर असताना ब्रश कशाला, असे अनेक जण विचारतात. चाकांसाठी आणि पोटाखालच्या चिखलासाठी प्रेशर वॉशर उत्तम आहे. पण घरगुती यंत्राचा दाबही शंभर बारच्या पुढे असतो, आणि टपावरचे सांधे वरून पडणाऱ्या पावसासाठी बनवलेले असतात, कडेने घुसणाऱ्या अशा फवाऱ्यासाठी नव्हे. एका धुलाई केंद्रात खालून वर मारलेल्या फवाऱ्याने पंख्याच्या झाकणातून आत आलेले पाणी आमच्या गादीपर्यंत पोहोचले होते. त्यानंतर टपाजवळ ते यंत्र मी येऊ दिलेले नाही.

आता ब्रशचे दोष. दांड्याच्या खिट्ट्यांत बारीक वाळू गेली की त्या घट्ट बसत नाहीत आणि ऐन कामात दांडा आखडतो, त्यामुळे प्रत्येक वेळी त्या धुऊन ठेवाव्या लागतात. जोडावरचा रबरी वायसर काही महिन्यांतच गळू लागला. मग पाणी दांड्यावरून थेट बाहीत उतरते. हार्डवेअरच्या दुकानात साधा वायसर मिळतो, तो बसवल्यावर गळती थांबली. ब्रश डोक्यावर उभा करून ठेवल्यास केस कायमचे वाकतात, म्हणून तो टांगूनच ठेवावा. ॲल्युमिनियम विजेचे उत्तम वाहक असल्याने वर वीजतारा असलेल्या जागी हा ओला दांडा उघडू नये. आमच्याकडे खांबावरून घरात येणारी तार फाटकाजवळ असल्याने गाडी अंगणाच्या मागच्या बाजूला नेऊनच धुतो.

टप स्वच्छ असला तरी सीलंटला गेलेली बारीक चीर खालून दिसत नाही. त्यासाठी मी मेअखेरीस आणि चतुर्थीनंतर टप कोरडा असताना शिडी लावून डोळ्यांनी तपासतो, आणि त्याच दिवशी मेणाचा एक हात देतो, म्हणजे पुढच्या धुण्याला ब्रशवर कमी जोर लावावा लागतो.