सीडब्ल्यू रडारसाठी सर्क्युलेटर की हायब्रिड कपलर?

एकाच अँटेनावर पाठवायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी असेल तर डिप्लेक्सर (फ्रिक्वेन्सीनुसार वाटा वेगळ्या करणारा फिल्टर) लावा आणि मोकळे व्हा. घोळ होतो तो दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी चालू असतात तेव्हा, म्हणजे सीडब्ल्यू (न थांबता सतत लहर सोडणाऱ्या) डॉप्लर रडारमध्ये. तिथे निवड मुख्यतः फेराइट सर्क्युलेटर (सिग्नल एकाच दिशेने पुढच्या पोर्टकडे, म्हणजे पुढच्या जोडणीकडे, फिरवणारा) आणि ३ डेसिबलचा हायब्रिड (सिग्नल दोन वाटांत निम्मा-निम्मा वाटणारा, चार पोर्टचा) यांच्यातच.

कागदावर सर्क्युलेटरच सरस. जाऊन-येऊन लॉस साधारण एक डेसिबलच्या आत. हायब्रिड जाताना निम्मी पॉवर लोडमध्ये (पॉवर शोषणाऱ्या रोधात) जाळतो, येताना निम्मा सिग्नल ट्रान्समीटरकडे वळवतो. झाले ६ डेसिबल, म्हणजे रेंज जवळपास ७० टक्क्यांवर. लांबचं पाहायचं असेल तर पुढे वाचूही नका, सर्क्युलेटर घ्या.

माझं काम जवळच्या हलत्या वस्तूंचं. तिथे सर्क्युलेटरने वैताग आणला तो एकाच गोष्टीने: डेटाशीटवरचं २० डेसिबल आयसोलेशन (पाठवलेलं रिसीव्हरकडे गळू न देणं) पदरात पडतच नाही. अँटेनावरून जे परत फिरतं ते तो इमानेइतबारे रिसीव्हरकडे पोचवतो. त्याच्या लेखी तोही आलेला सिग्नलच! अँटेनाचा रिटर्न लॉस (परत फिरलेली पॉवर पाठवलेलीपेक्षा किती खाली) १५ डेसिबल असला तर २० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) पाठवताना ५ डीबीएम रिसीव्हरवर आदळतात आणि एलएनए (रिसीव्हरचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर) सॅच्युरेट होतो. महागडा सर्क्युलेटर आणूनही हा आकडा हलत नाही, कारण दोष त्याचा नाहीच.

हायब्रिडमध्येही हे परावर्तन येतं, पण चौथ्या पोर्टवरचा लोड आपल्या हातात असतो. तो मुद्दाम जरासा बिघडवायचा, म्हणजे त्याचं परावर्तन रिसीव्हरवर उलट्या फेजमध्ये पोचून अँटेनाचं खोडून काढतं. मी लोडच्या अलीकडे ट्रॅकवर तांब्याच्या पत्र्याचा बारीक तुकडा सरकवत स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरकडे बघत बसतो. चिमटा प्लास्टिकचा हवा, धातूचा असला तर त्यानेच ट्यूनिंग बिघडतं. एका जागी गळती धपकन खाली येते, केसभर पुढे सरकलं की पुन्हा वर. ती जागा सापडली की सोल्डर करून टाकायचं.

सर्क्युलेटरच्या अँटेना-पोर्टवर स्टब (ट्यूनिंगसाठी बाजूला जोडलेला ट्रॅकचा तुकडा) लावूनही हे साधतं, नाही असं नाही. पण मग छेडछाड थेट अँटेनाच्या वाटेत होते. आणि ट्यूनिंग दोन्हीकडे नाजूकच: एफएमसीडब्ल्यूचा (फ्रिक्वेन्सी सरकवत पाठवणाऱ्या सीडब्ल्यू रडारचा) रुंद स्वीप असेल किंवा रेडोमवर (अँटेनाच्या आवरणावर) पाणी साचलं, तर मेळ सुटतो.

पॉवर पुरेशी आणि अंतर थोडं असेल, तर मी तरी आधी हायब्रिडच करून बघेन. तो बोर्डवरच छापता येतो. लोड मात्र निम्मी पॉवर सोसणारा घ्या.