एसआरटीएम की कोपर्निकस : 30 मीटरचा उंचीचा डेटा निवडताना

एसआरटीएम आणि कोपर्निकस हे जमिनीची उंची देणारे दोन डेटासंच. दोन्ही फुकट, दोन्हींची जाळी एक आर्क-सेकंदाची (साधारण 30 मीटरची), दोन्ही रडारने मोजलेले. मग कुठलाही उतरवला तरी काय बिघडतं? डोंगराळ भागाचं नुसतं हिलशेड (उजेड-सावलीचं चित्र) काढायचं असेल तर फारसं काही नाही. सपाट जमीन लागली की मात्र बिघडतं.

एसआरटीएम ही फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानातून 11 दिवसांत केलेली मोजणी. एक अँटेना यानात, दुसरा 60 मीटर लांब दांड्याच्या टोकाला; परत येणाऱ्या लहरी दोघांपर्यंत किंचित मागेपुढे पोचतात, त्या फरकावरून उंची निघते. कोपर्निकसच्या मुळाशी आहेत टॅनडेम-एक्स मोहिमेचे दोन जुळे उपग्रह, 2010 च्या अखेरीपासून 2015 च्या सुरुवातीपर्यंत. तत्त्व तेच.

माझा काटा कोपर्निकसकडे झुकला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर. एसआरटीएमच्या एचजीटी फाइलीत (हा डेटा याच स्वरूपात मिळतो) उंची पूर्ण मीटरमध्ये असते: 16 बिटांचा पूर्णांक, दशांश नाहीच. किलोमीटरला एक मीटर उतार असलेलं मैदान घ्या. तिथे साधारण 33 पिक्सेल एकच आकडा दाखवतात आणि मग एकदम एक मीटरची पायरी येते. उताराचा नकाशा काढला की सगळीकडे शून्य, आणि पायरीच्या दोन्ही बाजूंच्या पिक्सेलांवर जवळजवळ 1 अंशाचा पट्टा. खरा उतार आहे 0.06 अंश! रडारच्या नॉइजमुळे या पायऱ्या सरळही राहत नाहीत, कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. पुढे प्रवाहाची दिशा काढायला गेलात तर खळगे बुजवल्यावर मोठमोठी सपाट थाळी तयार होते आणि तिच्यावरून ओढे फूटपट्टीने आखल्यासारखे समांतर धावतात. यावर लोक फाइल दशांशात बदलून फिल्टर फिरवतात. पायऱ्या गुळगुळीत होतात, पण मुळात न नोंदलेली उंची त्यातून परत येत नाही, आणि बांध व नाल्यांच्या कडाही बोथट होतात. 2020 ची नासाडेम आवृत्ती मूळ रडार-संकेतांवर पुन्हा प्रक्रिया करून बनवलेली, म्हणून एसआरटीएमपेक्षा बरी. पण तिच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या एचजीटी फाइलीही पूर्णांकातच आहेत.

कोपर्निकसची उंची दशांशात येते. तलाव सपाट केलेले असतात, मोठ्या नद्या उताराच्या दिशेने उतरत जातील अशा दुरुस्त केलेल्या असतात. शिवाय सोबतच्या मास्कमधून (प्रत्येक पिक्सेलची खूण ठेवणाऱ्या थरातून) कुठला पिक्सेल मोजलेला आणि कुठला दुसऱ्या डेटाने बुजवलेला, हे कळतं. ही शेवटची सोय मला फार मोलाची वाटते.

अर्थात एसआरटीएम अगदीच टाकाऊ नाही. झाडोऱ्यात त्याची 5.6 सेंटिमीटरची लहर थोडी आत शिरते, टॅनडेम-एक्सची 3.1 सेंटिमीटरची बरीचशी वरच अडते; त्यामुळे दाट जंगलाची कड कोपर्निकसमध्ये जास्त ठळक भिंतीसारखी उभी दिसते. निखळ जमिनीची उंची दोघांकडेही नाही, झाडं आणि इमारती दोन्हींत धरलेल्या आहेत. 2000 सालचं भूरूप हवं असेल, म्हणजे नंतर खणलेली खाण किंवा वितळलेली हिमनदी मोजायची असेल, तर एसआरटीएमला पर्याय नाही. 60 अंश उत्तरेच्या वर मात्र ते जवळपास संपतंच. कोपर्निकस तिथे आहे, पण 50 अंशांपुढे त्याचे पिक्सेल पूर्व-पश्चिम रुंद होत जातात आणि टाइलमध्ये (एक अंशाच्या चौकोनी तुकड्यात) 3600 ऐवजी 2400 स्तंभ येतात. जाळी एकसारखी धरून लिहिलेली स्क्रिप्ट तिथे अडते.

हाताळताना एसआरटीएमची खोड वेगळी. एचजीटी फाइलीला हेडर नसतो. टाइलचा नैर्ऋत्य कोपरा फाइलीच्या नावातून आणि जाळीचा आकार फाइलीच्या आकारातून ओळखला जातो. एन18ई073 चं नाव बदललंत की टाइल कुठली, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. रिकाम्या जागी -32768 असतं. ते ‘नोडेटा’ (इथे डेटा नाही) म्हणून जाहीर न करता बायलिनियर रिसॅम्पलिंग (शेजारच्या चार पिक्सेलांवरून नव्या जाळीची उंची काढणं) केलं, तर रिकाम्या जागांच्या कडेला हजारो मीटर खोल दऱ्या पडतात.

एकाची भोकं दुसऱ्याने बुजवायची असतील तर आधी आधारपातळी, म्हणजे उंची जिथून मोजतात तो जिऑइड (सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग), जुळवा: एसआरटीएम ईजीएम96 या जिऑइड-मॉडेलवर आहे, कोपर्निकस ईजीएम2008 वर. जीपीएसच्या कच्च्या उंचीशी तुलना करताना तर घोटाळा याहून मोठा. ती उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला जिऑइड त्याच्या सुमारे 106 मीटर खाली आहे.

कोपर्निकस घेतलंत तर यूटीएममध्ये (मीटरमधल्या नकाशा-प्रक्षेपात) आणताना बायलिनियर वापरा. ‘निअरेस्ट’ने (सर्वांत जवळच्या पिक्सेलची उंची तशीच उचलण्याने) हिलशेडवर जाळीसारख्या रेघा उमटतात. आणि निर्यात करताना डेटा-प्रकार फ्लोट32 (दशांश) आहे ना, एवढं बघा. इंट16 (पूर्णांक) राहिला तर दशांश उडतात आणि त्याच पायऱ्या पुन्हा हजर.