कलेनच्या पत्रसंग्रहासोबत काही महिने : वापरानंतरचा अनुभव

फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करणाऱ्या किंवा वैद्यकाच्या इतिहासाची गोडी असलेल्या प्रत्येकाला मी 'कलेन प्रोजेक्ट' हा ऑनलाइन संग्रह आग्रहाने सुचवेन. गेले काही महिने दवाखाना बंद केल्यावर मी तोच वाचत बसते.

डॉ. विल्यम कलेन (१७१०–१७९०) हे एडिनबरो विद्यापीठातले नावाजलेले प्राध्यापक. होमिओपॅथीवाल्यांना हे नाव माहीत असेल, कारण होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १७९० मध्ये कलेनच्याच औषधांवरच्या ग्रंथाचं भाषांतर केलं. हिवतापावर दिल्या जाणाऱ्या सिंकोनाच्या सालीबद्दलचं त्यातलं स्पष्टीकरण त्यांना पटलं नाही आणि त्यांनी ती साल स्वतः घेऊन पाहिली. तर या कलेनना स्कॉटलंड-इंग्लंडमधून आणि ब्रिटनबाहेरूनही आजारी माणसांची पत्रं यायची. काही पत्रं नातेवाइकांची असायची, बरीचशी गावातल्या डॉक्टरांची. कलेन उत्तरही पत्रानेच द्यायचे. १७५५ ते १७९० या काळातला हा सगळा पत्रव्यवहार एडिनबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जपला आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या प्रकल्पातून तो नेटवर आला आणि फुकट वाचता येतो.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती गोष्ट म्हणजे दोन्ही बाजू एकत्र सापडतात. डॉक्टरांना आलेली पत्रं इतरत्रही जपलेली आहेत, पण त्यांनी धाडलेली उत्तरं रुग्णाच्या घरी जातात आणि हरवतात. कलेन मात्र उत्तराची नक्कल ठेवायचे. आधी लेखनिक ती हाताने उतरवायचा. १७८१ पासून त्यांनी जेम्स वॉटचं (वाफेच्या इंजिनवालेच ते) नक्कल काढायचं यंत्र वापरलं. पत्र खास शाईने लिहायचं, त्यावर ओलसर पातळ कागद दाबायचा. अक्षरं उलटी उमटायची, पण कागद इतका पातळ असायचा की मागून ती सुलटी वाचता यायची. स्क्रीनवर फोटो मोठा केला की ओलीमुळे फुटलेली शाई दिसते, काही ओळी अगदीच पुसट झालेल्या. रुग्णांच्या पत्रांचं टपाल पानांच्या संख्येवर आणि अंतरावर आकारलं जायचं. वेगळं पाकीट घातलं तर तेही एक पान धरलं जाई, म्हणून पत्राचाच कागद दुमडून लाखेने बंद करायचे. त्या घड्या फोटोत स्पष्ट दिसतात.

न तपासता औषध कसं देणार, हा प्रश्न मलाही पडला होता. पण स्टेथोस्कोप आला १८१६ मध्ये. त्याआधी मोठ्यातला मोठा डॉक्टरसुद्धा नाडी, जीभ, लघवी बघायचा आणि बाकी सगळी भिस्त रुग्णाच्या सांगण्यावर असायची. मग ते सांगणं नीट लिहून आलं, तर टपालाने फार काही हातचं जात नव्हतं. म्हणून लोक मनापासून लिहायचे: दुखणं कधी सुरू झालं, भूक किती, शौचाला कशी होते, झोप लागते का, आधी कुणी काय दिलं. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या डॉ. तिसो यांनी तर १७६१ च्या आपल्या लोकोपयोगी पुस्तकात डॉक्टरांचा सल्ला घेण्याआधी कोणत्या प्रश्नांची उत्तरं तयार हवीत, त्यांची यादीच दिली होती.

प्रसिद्ध माणसंही हाच मार्ग धरायची. कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांच्या पायांना आणि मांड्यांना सूज आली होती, दमा होताच. १७८४ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडनहून एडिनबरोतल्या आपल्या मित्राला, बॉस्वेलला लिहिलं, की तिकडच्या डॉक्टरांना माझ्या दुखण्याबद्दल विचार. बॉस्वेलने मार्चमध्ये कलेन, होप आणि मन्रो या तिघा डॉक्टरांना पत्रं धाडली. त्याच डिसेंबरात जॉन्सन गेले.

उपचारांबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवं. वांतीची औषधं, रक्त काढणं, पारा, अफू हे सगळं तिथे आहे आणि वाचताना जीव कळवळतो. पण त्याच पत्रांत जेवण काय आणि किती, घोड्यावर रपेट किती, अंगाला लागून फ्लॅनेल घालायचं की नाही, हेही सविस्तर येतं. प्रत्येकाला वेगळं, त्याच्या दिनक्रमाला धरून. आज आम्ही 'आहार सांभाळा' म्हणून मोकळे होतो, तिथे हा माणूस पानभर लिहितो. आदर वाटतो.

एक खंत राहते. फी गिनींमध्ये (म्हणजे सोन्याच्या नाण्यांत), त्यात टपालाचा खर्च, त्यामुळे लिहिणारे बहुतेक सुस्थितीतले आहेत. गरिबाचं दुखणं त्याच्या शब्दांत क्वचितच भेटतं. शिवाय कितीतरी पत्रव्यवहार मध्येच थांबतात आणि रुग्ण बरा झाला की नाही ते कळतच नाही.

माझ्या कामात फरक पडला तो असा. व्हॉट्सॲपवर नुसता रिपोर्टचा फोटो टाकणाऱ्या पेशंटना मी आता सांगते, आधी चार ओळी लिहा, काय होतंय ते तुमच्या शब्दांत. बरेच जण मनापासून लिहितात. एका आजींनी वहीचं अख्खं पान भरून पाठवलं. त्यात गुडघ्यांपेक्षा रात्रीच्या जागरणाबद्दलच जास्त होतं, आणि इतक्या भेटींत ते कधी बोलण्यात आलं नव्हतं.

सुरुवात करणाऱ्यांनी एकाच रुग्णाची सलग पत्रं निवडावीत. प्रत्येक पत्राचा मजकूर दोन रूपांत दिलाय, एक मूळ लिखाणाबरहुकूम आणि दुसरा वाचायला सोपा. आधी सोपा वाचा, मग मूळ पानाचा फोटो उघडा. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, पण थोड्या सरावाने जमतं. मोबाइलपेक्षा मोठ्या स्क्रीनवर वाचा, अक्षर लागायला सोपं जातं.