इंजेक्शनची रिकामी बाटली कुणाला देऊ नका

हे लिहावं की नाही यात चार महिने घालवले. लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण परवा हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये, जिथे ॲडमिट न होता इंजेक्शन देतात, एक काका त्यांच्या मिसेसच्या इंजेक्शनची रिकामी बाटली आणि खोकं नीट पिशवीत ठेवताना दिसले. सहज विचारलं तर म्हणाले, एक जण मागतोय, ट्रस्टच्या रेकॉर्डला लागतं म्हणे. माझ्या पोटात गोळाच आला.

बायकोला ब्रेस्ट कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह प्रकारचा. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना माहितीये, ऑपरेशन आणि केमो संपली तरी ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन चालू राहतं, दर २१ दिवसांनी, वर्षभर. हिचं वजन ५५ किलो, पहिल्या डोसला किलोमागे ८ मिलीग्रॅम म्हणजे ४४० ची अख्खी बाटली, पुढे ६ च्या हिशोबाने ३३०. मधेमधे टूडी एको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, कारण हे औषध हार्टवर परिणाम करू शकतं. भोसरीत नोकरी, कंपनीची पॉलिसी ३ लाखांची, ती ऑपरेशन आणि सुरुवातीच्या केमोतच संपली. नंतर एफडी मोडली, मग सोसायटीचं लोन.

ज्याने मला फसवलं तो हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर भेटला. विकायला आला असता तर मी उभं केलं नसतं हो. तो आला रडत. म्हणजे अगदी ढसाढसा नाही, डोळे भरलेले. म्हणाला, दादा, माझ्या मिसेसचं पण हेच चालू होतं, गेली ती मागच्या महिन्यात. वहिनींचं कितवं चाललंय? मी म्हणलं सहावं. आम्ही दोन चहा घेतले, माझ्या सख्ख्या भावाशी बोललो नव्हतो इतकं मी त्याच्याशी बोललो. नातेवाईक विचारतात पेशंट कसा आहे, तू कसा आहेस असं कुणी विचारत नाही, आणि यानं नेमकं तेच विचारलं. तिथंच मी अर्धा फसलो.

इंजेक्शनचा विषय आठवड्याने निघाला. एका ट्रस्टकडून गरजूंना कमी रेटमध्ये मिळतं, माझ्या ओळखीनं देतो. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये मला ३८ हजार पडत होते, हा २२ म्हणाला. आता तुम्ही म्हणाल इतकं स्वस्त कसं, डोकं चाललं नाही का. पण गंमत अशीये की या औषधांवरची छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारा रेट यात खरोखरच खूप फरक असतो, सदाशिव पेठेतल्या होलसेलवाल्यांकडे मी स्वतः नंतर चौकशी केली, पक्क्या बिलावर मला मेडिकलपेक्षा बरंच कमी सांगितलं. त्यामुळे स्वस्त आहे म्हणून खोटं, असंही म्हणता येत नाही आणि त्याचंच हे लोक खातात. फक्त त्याची एक अट होती, आधीच्या डोसची रिकामी बाटली आणि खोकं परत द्यायचं, ट्रस्टला दाखवायला. इन्शुरन्सच्या क्लेमसाठी म्हणून मी सगळी जपून ठेवली होती, ती अख्खी पिशवी मी त्याला स्वारगेटला नेऊन दिली. वर थँक्यू पण म्हणलं.

पहिलं इंजेक्शन थर्माकोलच्या डब्यात, आइस पॅकसकट, छापील बिलासकट आलं. हिला दिलं, काही झालं नाही. पुढचं देताना म्हणाला दोन एकदम घ्या दादा, स्टॉक संपतोय. मी ४४ हजार यूपीआय केले, नाव दुसऱ्याच कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं आलं, म्हणाला ट्रस्टचा अकाउंट बंद आहे आज. यावेळी एकच बाटली आली, साध्या पिशवीत, बर्फ पार वितळलेला. हे औषध २ ते ८ डिग्रीत राहिलं पाहिजे हे मला पाठ होतं आणि तरी मी गप्प बसलो.

डे-केअरला त्या दिवशी दुसऱ्या सिस्टर होत्या. त्यांनी बाटली उजेडात धरली, खोक्याशी लावून बघितली, बॅच नंबर वेगळा. वरचं ॲल्युमिनियमचं सील एका बाजूला दबलेलं. आत पांढरट पावडरची वडी बसलेली असते, ती नव्हतीच, तळाला पाणी होतं. त्या म्हणाल्या, सर, हे मी लावणार नाही. हे सगळं हिच्यासमोर.

रिक्षात ही धायरी येईपर्यंत काही बोलली नाही. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, म्हणजे अहो, मागचंही पाणीच होतं का?

याचं उत्तर आजही नाहीये. ती बाटली फेकलेली, तपासणार काय. डॉक्टर मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. ते म्हणाले, मागचा डोस चुकला असंच धरू, शेवटचा खात्रीचा डोस सहा आठवड्यांपूर्वीचा, म्हणजे पुन्हा लोडिंग डोस, सुरुवातीला देतात तो मोठा. परत ४४० ची अख्खी बाटली.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तोवर पैसे पुढे गेले होते, हा फोन पहिल्या तासाभरात करायचा असतो. चौकीत बिल मागितलं, बिलावरचं दुकानच अस्तित्वात नाही. एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, औषध निरीक्षक मात्र बाटली जप्त करून घेऊन गेले, तक्रारीचा टोल फ्री १८००२२२३६५ आहे. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीबद्दल मी नंतर वाचलं, हॉस्पिटलमधून रिकाम्या बाटल्या गोळा करायचे आणि त्यात बुरशीवरचं औषध भरून विकायचे. म्हणजे माझी पिशवी कुठं गेली असेल? ती बाटली कुणाच्या बायकोला लावली असेल? रात्री हेच डोक्यात येतं.

पैशाची अडचण असेल तर आधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा, मी सात महिने तिच्या केबिनवरून गेलो आणि कधी आत डोकावलो नाही. औषध कंपनीची पेशंटसाठीची स्कीम तिनेच लावून दिली. महात्मा फुले योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, कशाच्याही अर्जाला पैसे पडत नाहीत, जो मागतो तो चोर. आणि डोस झाला की बाटलीचं लेबल तुमच्यासमोर खरवडायला सांगा, खोक्याचे तुकडे करा.

त्याचा नंबर अजून माझ्याकडे सेव्ह आहे, बंद लागतो. डीपीला एका बाईचा फोटो आहे, डोक्याला स्कार्फ बांधलेला. ही परवा तो बराच वेळ बघत बसली होती. म्हणाली, त्याची बायको खरंच गेली असेल का हो?