ट्रेक ५२०० : १९९९ सालची कार्बन सायकल सात महिने चालवल्यानंतर

ट्रेक कंपनी १९७६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटर्लू गावी सुरू झाली आणि ते गाव मॅडिसनपासून तासाभराच्याही अंतरावर नाही, त्यामुळे आमच्या भागात तिच्या जुन्या सायकली बऱ्याचदा विक्रीला येतात. एप्रिलमध्ये मी १९९९ सालची ५२०० घेतली. मूळ मालक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी ७०० डॉलर सांगितले आणि सौदा ४५० वर ठरला. तेव्हापासून नोव्हेंबरपर्यंत मी तिच्यावर २,९०० किलोमीटर फिरलो, आणि एवढ्या जुन्या कार्बन सायकलची किंमत कशी ठरवावी याबद्दलचे माझे मत या काळात पक्के झाले.

विकणारा बहुधा दोन गोष्टी पुढे करतो : नवी असतानाची किंमत आणि शर्यतींतला लौकिक. ट्रेकने १९९२ मध्ये आणलेली ओसीएलव्ही पद्धत, म्हणजे कार्बनचे थर दाबून त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या कमीत कमी ठेवण्याचे तंत्र, त्या काळात खरोखर मोठी गोष्ट होती. १९९९ च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याच कुळातल्या ५५०० वर जिंकला. त्याची टूरमधली विजेतेपदे २०१२ मध्ये रद्द झाली, तरी त्याच्या संघाच्या निळ्या रंगाला काही जण आजही जादा पैसे मोजतात. संग्राहकाचा हिशेब वेगळा असतो. १९९५ मध्ये बालेरिनी या सायकलपटूने ज्या कोल्नागो कंपनीच्या सी४० वर पॅरिस-रुबे ही शर्यत जिंकली, तसली सायकल घेणारा मुख्यतः इतिहासाचे पैसे देतो. ज्याला रोज चालवायची आहे त्याने असे पैसे देऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

मी आधी फ्रेमची किंमत शून्य धरली. चाके, ब्रेक, ९ स्पीडचे गिअरचे लिव्हर आणि क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, सुटे विकले तर २८० डॉलर येतील असा माझा अंदाज होता, म्हणजे उरलेले १७० डॉलर फ्रेमचे. ट्रेकची फ्रेमवरची आजीवन हमी फक्त पहिल्या मालकासाठी असते, त्यामुळे सायकल हस्तांतरित होताच फ्रेमची सगळी जोखीम नव्या मालकावर येते. नीट वापरलेला कार्बन वारंवारच्या ताणाने ॲल्युमिनिअमसारखा थकत नाही, हे खरे आहे. पण आतून बसलेला मार बाहेरून दिसेलच असे नसते, आणि ते १७० डॉलर द्यायचे की नाही हे तपासणीवरच अवलंबून होते.

माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो, तशीच मी ही फ्रेम पाव डॉलरच्या नाण्याने वाजवली. चांगल्या कार्बनचा आवाज खणखणीत येतो, थर सुटले असतील तिथे तो बद्द होतो. मात्र सांध्यांजवळ नळी जाड असल्याने आवाज मुळातच बदलतो, म्हणून डावी-उजवी बाजू एकाच उंचीवर वाजवून तुलना करावी लागते. क्रँकच्या मागे उजव्या नळीवर, साखळी घसरून अडकल्याचे तीन ओरखडे होते. बॅटरीच्या उजेडात त्यांवरून नख फिरवले तेव्हा दोन रंगापुरतेच निघाले. तिसऱ्यात नख किंचित अडकले, पण आतले धागे तुटलेले दिसले नाहीत आणि आवाजही स्वच्छ होता. हँडल पूर्ण फिरवून, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचा वरचा भाग आणि मागच्या चाकाची सरळ रेषा पाहण्यात आणखी पाऊण तास गेला. मालकांनी तो आनंदाने दिला.

भाव उतरला तो सीटपोस्टमुळे, म्हणजे सीटखालच्या दांड्यामुळे. बोल्ट सैल करूनही तो तसूभर हलेना. कार्बन आणि ॲल्युमिनिअम यांच्यामध्ये घाम किंवा पावसाचे पाणी साचले की ॲल्युमिनिअम गंजते आणि त्या गंजाने सीटपोस्ट फ्रेममध्ये घट्ट बसतो. उष्णता दिली तर कार्बनचे धागे धरून ठेवणारी राळ बिघडण्याची भीती, हातोडी तर वर्ज्यच. घरी सहा दिवस भेदक तेल सोडत आणि सीट धरून दोन्ही बाजूंना पीळ देत राहिलो, तेव्हा सातव्या दिवशी तो करकरत सुटला. त्याच्या अंगावर पांढऱ्या भुकटीचा थर होता. तो सुटला नसता तर ही सायकल फक्त माझ्याच उंचीच्या माणसाच्या उपयोगाची राहिली असती, म्हणून खरेदीपूर्वी ही एक चाचणी कोणीही चुकवू नये.

साखळी, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या), वायरी, ब्रेकचे रबर, टायर आणि हँडलची पट्टी यांवर २१० डॉलर गेले. मागच्या चाकाची जागा १३० मिलिमीटरची आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक फिरतो ती बेअरिंगची जागा, साध्या इंग्लिश आट्यांचा असल्यामुळे सुटे भाग शोधावे लागले नाहीत. माझ्या चिमट्यात २५ मिलिमीटरचा टायर बसतो, २८ चा घासतो. ब्लू माउंड्सच्या चढावर ३९ दात्यांची लहान चकती मला जड जाते. मात्र शेतांमधल्या खडबडीत डांबरावर तीन तास फिरूनही मनगटे दुखत नाहीत, आणि पेडलसकट ८.७ किलोची ही सायकल उतारावर अगदी स्थिर राहते.

एकूण ६६० डॉलर झाले. आज विकली तर ५०० येतील. मूळ मालकांनी सांगितलेले ७०० दिले असते तर माझ्या मते दोनशे डॉलर जास्त गेले असते. तो तिसरा ओरखडा मी दर महिन्याला त्याच नाण्याने वाजवून पाहतो, आणि आजवर तरी आवाज बदललेला नाही.