गुलशन महल: स्टुडिओ आणि वितरकांचा धंदा समजून घ्यायचा असेल तर

मुंबईत पेडर रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दोन इमारती आहेत. मुलं सोबत असतील तर नव्या इमारतीत वेळ छान जाईल. पण सिनेमाचा धंदा कसा उभा राहिला हे बघायचं असेल तर आधी जुन्या गुलशन महलात शिरा. तिथली नऊ दालनं काळानुसार लावली आहेत, व्यवहारानुसार नाहीत. त्यामुळे पैसा कोणी घातला आणि प्रिंट कोणाच्या ताब्यात राहिली, हे प्रश्न आपणच डोक्यात ठेवून फिरायचं.

सिनेमा भारतात आल्याचं दालन बहुतेक जण झरझर उरकतात. इथे थांबा. सुरुवातीला फिल्म फुटावर विकत मिळे. खेळवाला ती झिजेपर्यंत चालवी, आणि नवा खेळ लावायचा म्हटलं की पुन्हा खरेदी. ती भाड्याने मिळू लागली तशी एकच प्रिंट गावोगाव फिरू लागली आणि ती फिरवणारा वितरक उभा राहिला. कलकत्त्याच्या जे. एफ. मादन यांनी तंबूतल्या खेळांपासून सुरुवात करून पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीची एजन्सी, थिएटरं आणि निर्मिती असं सगळं एका हाताखाली आणलं. फाळके मात्र १९१८ साली नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत मुंबईच्या भांडवलदारांबरोबर भागीदारीत उतरले, आणि ती भागीदारी त्यांना फारशी मानवली नाही.

बोलपटाच्या दालनात तंत्राकडे लक्ष द्या. १९३१ च्या ‘आलम आरा’साठी आवाज आणि चित्र एकाच निगेटिव्हवर घेतलं जाई. मागाहून आवाज वेगळा दुरुस्त करायची सोयच नव्हती. स्टुडिओशेजारून रेल्वे जाई, म्हणून चित्रीकरण रात्री. उन्हावर चालणारे उघडे स्टुडिओ आता पुरेनात. बंद, आवाज अडवणारा स्टेज बांधायचा म्हणजे मोठं भांडवल हवं, आणि तिथेच छोट्या कंपन्या गळाल्या.

स्टुडिओ युगाचं दालन साहजिकच सगळ्यांचं आवडतं. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. नटांपासून सुतारापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर. चित्रपट बाजारात नेण्याचं काम बाबूराव पै यांच्या फेमस पिक्चर्सकडे होतं, आणि पुढे पै प्रभातचे भागीदारही झाले. मला विचाराल तर प्रभातच्या यशात या जोडणीचा वाटा दिग्दर्शकांइतकाच आहे, पण पोस्टर बघताना तो कोणाच्या ध्यानात येत नाही.

खरा वेळ द्या तो दुसऱ्या महायुद्धाच्या दालनाला. कच्ची फिल्म मिळेनाशी झाली, १९४२ मध्ये चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली, म्हणजे मिनिटाला ९० फूट धरले तर जेमतेम दोन तास. त्याच काळात काळा पैसा आला, नट चित्रपटागणिक रक्कम मागू लागले आणि पगारी स्टुडिओंचं गणित कोलमडलं. नव्या निर्मात्याकडे ना स्टेज, ना पगारी माणसं. तो वितरकाकडून आगाऊ ‘मिनिमम गॅरंटी’, म्हणजे चित्रपट चालो न चालो ठरलेली किमान रक्कम, उचलून चित्रपट काढू लागला, आणि कोणता नट घ्यायचा, गाणी किती, यातही वितरकाचा शब्द चालू लागला.

गुलशन महलासाठी दोन तास धरा, घाई केलीत तर शेवटची दालनं राहतील. सोमवारी संग्रहालय बंद असतं. पुण्यात असाल तर प्रभातची मूळ जागा म्हणजे लॉ कॉलेज रोडवरची फिल्म इन्स्टिट्यूट. आवारात प्रभातचं छोटं संग्रहालयही आहे, पण जाण्याआधी प्रवेशाची चौकशी करा.